पालिकेचा ताळेबंद मागतं कोण?

माझे वडील सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. सौदे आटोपले, हमाल घरी गेले की ते गादीवर मांडी घालून बसायचे आणि लाल कापडी बांधणीची चोपडी पुढ्यात ओढायचे. दिवसभरात घडलेलं आधी रोजकीर्दीत, मग तिथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. शेतकऱ्याची हळद विकली गेली, पण पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, पंधरा दिवसांनी द्यायची ठरली, तरी रक्कम त्याच्या खात्यावर त्याच दिवशी जमा. माल उचललेल्या व्यापाऱ्याने पैसा दिलेला नसला, तरी त्याच दिवशी त्याच्या नावे. "गल्ल्यातला पैसा सगळा आपला नसतो," ते म्हणायचे, "खतावणी काय म्हणते ते बघ."

मी बी.कॉम. होऊन साताऱ्यात एका सीएंच्या कार्यालयात लागले. काही वर्षांनी आमच्याकडे एका नगरपालिकेचं काम आलं. जुन्या रोकडवहीवरून द्विलेखा नोंद पद्धतीचा पहिला ताळेबंद, म्हणजे देणी, येणी आणि मालमत्ता एकत्र मांडणारा तक्ता, तयार करायचा होता. लेखा विभागात चार टेबलं आणि भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं. कपाटांत प्रमाणकांचे, म्हणजे व्हाउचरांचे, गठ्ठे, प्रत्येकाला सुतळी, वरच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत महिना. रोकडवही इतकी नीट लिहिलेली की कुठे खाडाखोड नाही, रोजची शिल्लक लाल शाईत. पण पैसा आला आणि पैसा गेला, यापलीकडे त्या वहीला काही ठाऊक नव्हतं. ठेकेदाराचं बिल टेबलावर पडून असेल, तर वहीला त्याचा पत्ता नाही. घरपट्टी थकलेली असेल, तर ती वसुली विभागाच्या रजिस्टरात. वडिलांच्या दुकानाची उलाढाल पालिकेच्या मानाने किरकोळ होती, तरी त्यांची वही जास्त सांगायची.

तिथल्या ज्येष्ठ लेखापालांना सगळे अण्णा म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तीन महिने त्यांनी मला मनापासून मदत केली. कुठला गठ्ठा कुठल्या कपाटात आहे हे त्या कार्यालयात त्यांनाच माहीत होतं. काम संपल्यावर ताळेबंदाची प्रत मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पानापानाने पाहिली आणि म्हणाले, "ताई, काम चोख केलंत. पण एक सांगा, हा मागतं कोण?"

प्रश्न खराखुरा होता. त्यांच्या सबंध नोकरीत रोज कोणी ना कोणी काही ना काही मागत आलं होतं. मुख्याधिकारी शिल्लक मागायचे, ठेकेदार चेक मागायचे, मंत्रालयाला निधी ठरल्या कामावर खर्चल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र हवं असायचं, ऑडिटरला प्रमाणकं. ताळेबंद कधीच कोणी मागितला नव्हता. विकसनशील देशांत सरकारी हिशोबाची पद्धत का बदलते, आणि बदलूनही जुनीच का राहते, यावर जगभर भरपूर अभ्यास झाला आहे. त्यातलं जे मला पटलं ते अण्णांच्या या प्रश्नाशीच येऊन थांबतं. हिशोब कसा लिहिला जाईल, हे तो कोण मागतो आणि त्यातलं काय वाचतो यावर ठरतं.

शिल्लक नव्वद लाख, तरी खड्डा चाळीस लाखांचा

आधी रोख आणि उपार्जित या दोन पद्धतींतला फरक. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत.

समजा, एका पालिकेच्या बँक खात्यात ३१ मार्चला ९० लाख रुपये आहेत. रोकडवही म्हणेल, शिल्लक ९० लाख. आता त्याच दिवशी एका रस्त्याचं ८० लाखांचं बिल मोजमाप पुस्तिकेत नोंदवून पूर्ण झालंय, फक्त चेक काढलेला नाही. शिवाय त्या ९० लाखांत ५० लाख ठेकेदारांच्या अनामत रकमा आहेत, ज्या कधी ना कधी परत द्यायच्या आहेत. म्हणजे सगळी देणी भागवायची म्हटली तर पालिका ४० लाखांनी खड्ड्यात आहे. दुसऱ्या बाजूला, या वर्षी घरपट्टीची मागणी ४ कोटींची होती आणि वसूल झाले २ कोटी ६० लाख. उरलेले १ कोटी ४० लाख लोकांकडे येणं आहे. रोकडवहीत यातलं काहीच दिसत नाही.

उपार्जित पद्धतीत घरपट्टीचं बिल निघालं की उत्पन्न लिहायचं, पैसा केव्हाही येवो. काम पूर्ण झालं की देणं लिहायचं, चेक केव्हाही निघो. पाण्याची टाकी बांधली तर ती खर्च म्हणून एका वर्षात संपवायची नाही. मालमत्ता म्हणून धरायची आणि दरवर्षी तिचा घसारा, म्हणजे वापराने होणारी झीज, लावायचा. जुनी, न येण्यासारखी थकबाकी असेल तर तिच्यासाठी तरतूद करायची, म्हणजे ती बुडणार असं आधीच धरून ठेवायचं. प्रत्येक व्यवहाराला जमा आणि नावे अशा दोन बाजू. सांगलीच्या अडत्याला यात नवं काही नाही.

मग सरकारला हे इतकी वर्षं का जमलं नाही? इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण रोख पद्धतीला लोक सरसकट मागासलेपणा म्हणतात आणि ते खरं नाही. विधिमंडळ एका वर्षासाठी, एका कामासाठी, ठरावीक रक्कम मंजूर करतं. ३१ मार्चला न वापरलेली रक्कम लॅप्स होते. विधिमंडळाचा प्रश्न असतो: आम्ही इतके दिले, तुम्ही किती खर्चले? या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर रोख हिशोबच देतो. मार्च एंडला कोषागारात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात ते याचसाठी. आजही केंद्र सरकार आणि राज्य सरकारं रोख पद्धतीवरच हिशोब ठेवतात. जर्मनीच्या संघ सरकारनेही ती सोडलेली नाही.

अडत्याला हिशोब मागणारे वेगळे होते. शेतकरी दारात उभा, सावकार व्याज मोजतोय, भागीदार दिवाळीला नफा विचारतोय. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. फडणीस म्हणजे हिशोबाच्या कचेरीचा माणूस. पेशवाईवर सावकारांची कर्जं असायची. देणं आणि येणं वेगळं मांडायची शिस्त कर्ज देणाऱ्याच्या धाकाने येते, ती तेव्हाही तशीच येत असणार.

दिल्लीचा दट्ट्या

पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८३ साली एक साधा प्रश्न विचारला होता. एकाच क्षेत्रातल्या संस्था हळूहळू एकमेकींसारख्या का दिसू लागतात? त्यांचं उत्तर असं की तीन प्रकारचे रेटे त्यांना एका साच्यात आणतात. एक, वरून येणारी सक्ती. दोन, नेमकं काय करावं कळत नसलं की नावाजलेल्याचं बघून करणं. तीन, शिकलेल्या व्यावसायिकांनी सोबत आणलेले संस्कार. आपल्या पालिकांच्या हिशोबाला हे तिन्ही लागू पडतात, पण सारख्या मापाने नाही. आपल्याकडे पहिलाच सर्वांत जड आहे.

सुरुवात घटनादुरुस्त्यांपासून करावी लागते. १९९२च्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि पालिकांना घटनेत जागा मिळाली, आणि केंद्राच्या वित्त आयोगाला त्यांच्या पैशांचा विचार करणं भाग पडलं. पैसा द्यायचा म्हटल्यावर आयोगाने हिशोब बघायला घेतला आणि देशभरच्या स्थानिक संस्थांच्या हिशोबांची अवस्था समोर आली. खुस्रो यांच्या अध्यक्षतेखालच्या अकराव्या वित्त आयोगाने सुचवलं की या हिशोबांवर कॅगची, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांची, देखरेख असावी. कॅगने कृती दल नेमलं आणि त्यातून २००४ साली नॅशनल म्युनिसिपल अकाउंट्स मॅन्युअल, पालिकांनी हिशोब कसा ठेवावा हे सांगणारी पुस्तिका, निघालं. ते तयार करायला अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेच्या प्रकल्पाचं साहाय्य होतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नंतर त्याला पैशाची गाठ मारली गेली. ३ डिसेंबर २००५ला जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. पाणी, गटार, रस्ते यांसाठी केंद्राचा निधी हवा असेल तर उपार्जित तत्त्वावर द्विलेखा नोंद पद्धत आणावी लागेल, ही त्यातली एक अट. साताऱ्या-सांगलीसारख्या छोट्या-मध्यम शहरांसाठीच्या उपयोजनेतही सुधारणांची हीच भाषा होती. विजय केळकर यांच्या तेराव्या आयोगाने कामगिरी अनुदान आणलं आणि हिशोब व लेखापरीक्षण त्याच्या अटींत घातलं. चौदाव्या आयोगाने ही अट पुढे नेली. पंधराव्याने तर ती दारातच आणून ठेवली. अलीकडच्या वर्षांचे तात्पुरते आणि लेखापरीक्षित हिशोब लोकांना पाहता येतील असे ऑनलाइन टाका, त्याशिवाय अनुदानाच्या रांगेतच उभं राहता येणार नाही. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांना सुचवलेली रक्कम ४,३६,३६१ कोटी रुपये होती. एवढ्या पैशासमोर कोणती पालिका नाही म्हणेल?

आणि आपल्या पालिकांना नाही म्हणण्याची सोय राहिलेलीच नव्हती. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, १९९९ साली गेली. जकात नाका वाईट होता, भ्रष्ट होता, ट्रक अडून राहायचे, हे सगळं खरं. पण तो पैसा पालिकेचा स्वतःचा होता आणि रोज रात्री मोजला जायचा. त्याच्या जागी आलं सहायक अनुदान. महानगरपालिकांचंही पुढे तेच झालं; जकातीच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, १ ऑगस्ट २०१५ला बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला. ज्याच्या हातून पैसा येतो त्याच्याकडे तोंड करून हिशोब लिहिला जातो. पालिकेचं तोंड गावाकडून मुंबई-दिल्लीकडे वळलं ते तेव्हापासून. हिशोब-सुधारणेवर बोलताना जकातीची आठवण सहसा कोणी काढत नाही. माझ्या मते ती आधी काढायला हवी.

तर अण्णांना उत्तर आहे: दिल्ली मागते. पण ती काय मागते हे नीट पाहायला हवं. ताळेबंद आहे का, लेखापरीक्षण झालंय का, अपलोड केलाय का. आत काय लिहिलंय, हे विचारलं जात नाही. देणी फुगली म्हणून अनुदान थांबलं, थकबाकी लपवली म्हणून कोणी जाब विचारला, असं माझ्या कामात एकदाही घडलं नाही. हजारो संस्थांची तपासणी दूरवरून करायची तर 'आहे' किंवा 'नाही' एवढी खूण करायची चौकट सोपी पडते, हे समजतं. पण जशी परीक्षा तसा अभ्यास होतो.

शेजाऱ्याचं बघून, आणि आमच्यासारख्यांमुळे

दुसरा रेटा बघून-करण्याचा. न्यूझीलंडने १९८९च्या कायद्यानंतर सगळ्या सरकारचा हिशोब उपार्जित पद्धतीवर नेला आणि ते जगात उदाहरण झालं. तिथे कायद्याबरोबर खात्यांच्या प्रमुखांना करारावर नेमून, निकालाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात घातली होती. नवा हिशोब त्या व्यवस्थेचा एक भाग होता. बाकीच्यांनी त्यातला हिशोब उचलला. इंडोनेशियाने २००३ साली कायदा केला आणि पूर्ण उपार्जित पद्धत सक्तीची व्हायला २०१५ उजाडलं. भारतात तमिळनाडूने आपल्या सर्व नागरी संस्थांसाठी हे पाऊल इतर राज्यांच्या बरंच आधी उचललं, आणि मग बैठकांत 'तिकडे झालं, मग इकडे का नाही' हा प्रश्न येऊ लागला. साताऱ्यात मात्र मला हा रेटा फारसा जाणवला नाही. लेखापाल शेजारच्या पालिकेला फोन करून विचारतो ते एवढंच: "तुम्ही कुठला सीए लावलाय? किती दिवसांत देतो?"

तिसऱ्या रेट्यात मी स्वतः येते. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने २००५ साली स्थानिक संस्थांच्या लेखा मानकांसाठी समिती नेमली, आणि आमच्यासारखी कंपनी-हिशोबात वाढलेली माणसं पालिकांत शिरली. आम्हाला नफा-तोटा आणि घसारा माहीत होता. पालिकेतल्या माणसांना १९७१ची नगरपालिका लेखा संहिता पाठ होती. त्यांचं ऑडिट करायला येणारे स्थानिक निधी लेखापरीक्षक ज्या कायद्याखाली काम करतात तो १९३०चा. त्यांचा सगळा रोख प्रत्येक खर्चावर: निविदा होती का, मंजुरी कुणाची, प्रमाणक जोडलंय का, कपात केली का. ऑडिटच्या पॅऱ्यांची, म्हणजे आक्षेपांची, उत्तरं देता देता अण्णांसारख्यांचं आयुष्य गेलं. तो पॅरा निघाला तर त्यांच्या पेन्शनीतून वसुली लागू शकते. ताळेबंदात चूक राहिली तर त्यांना काहीही होत नाही. मग माणूस कुठली वही जपून लिहील?

या तीन रेट्यांत एक गोष्ट आम्ही बाहेरून आलेल्यांनी कमी लेखली: पालिकेच्या मालमत्तेचं मोल. कंपनीकडे यंत्राचं बिल असतं. पालिकेकडे? साताऱ्याला उताराने पाणी देणारा कास तलाव ब्रिटिश काळातला. अलीकडे त्याची उंची वाढवली, तो खर्च माहीत आहे. पण मूळ तलावाची किंमत ताळेबंदात किती लिहायची? साताऱ्यातल्याच जुन्या तळ्यांचं काय? मॅन्युअलने वाट काढून दिली आहे: फुकट मिळालेली मालमत्ता नाममात्र १ रुपयाला धरा. मी काम केलेल्या पालिकेच्या मालमत्ता यादीत शहराच्या मध्यावरच्या बागेची जागा १ रुपयाला होती आणि तिच्या खालच्या ओळीत झेरॉक्स मशीन काही हजारांना. नियमाप्रमाणे दोन्ही बरोबर. पण ती यादी वाचून कुणाला गावाची श्रीमंती कळणार नाही, आणि बागेच्या कडेने अतिक्रमण सरकत आलं तर त्या एका रुपयात काही फरकही पडणार नाही. मी तेव्हा १ रुपयासमोर जागेचं क्षेत्रफळ आणि सर्व्हे नंबर लिहायचा आग्रह धरला. ताळेबंदाला त्याची गरज नव्हती, गावाला होती.

हद्दवाढ झाली की हे आणखी अवघड होतं. सप्टेंबर २०२०मध्ये साताऱ्याची हद्द वाढली आणि शाहूपुरीसारख्या ग्रामपंचायतींचा भाग शहरात आला. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका ९ फेब्रुवारी १९९८ला झाली. अशा प्रत्येक वेळी एका पद्धतीच्या वह्या दुसऱ्या पद्धतीच्या वह्यांत ओतायच्या असतात. पंचायतीच्या नमुना ८ मधली, म्हणजे कर आकारणीच्या वहीतली, घरं नव्या कर आकारणीत आणायची. गल्ली, गटार, विहीर, समाजमंदिर, प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी रजिस्टरात जायला हवी, नाहीतर ती उद्या कुणाचीच नसते.

दोन वह्या

जॉन मेयर आणि ब्रायन रोवन या दोघांनी १९७७ साली आणखी एक निरीक्षण मांडलं होतं. बाहेरच्यांना दाखवायला संस्था नवी पद्धत स्वीकारतात, आणि रोजचं काम मात्र जुन्याच पद्धतीने चालू ठेवतात. दोन्हींमध्ये मुद्दाम अंतर राखलं जातं, कारण ते मिटवायला गेलं तर काम अडतं.

पालिकांत हे असं दिसतं. रोजचा हिशोब लेखा विभागात रोकडवहीवर चालतो. वर्ष संपल्यावर, बऱ्याचदा अनुदानाची मुदत जवळ आल्यावर, प्रमाणकांचे गठ्ठे रिक्षात घालून सीएंच्या कार्यालयात येतात. तिथे आमच्यासारखं कोणीतरी ते टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवतं, बँकेचा ताळमेळ घालतं, ताळेबंद काढतं. छापील प्रत सहीला जाते, पीडीएफ पोर्टलवर चढते. पालिकेच्या इमारतीत तो ताळेबंद जन्मलेला नसतो, म्हणून तिथे तो कुणाला आपला वाटत नाही.

फेब्रुवारी-मार्चच्या सभेत याचा पुरावा मिळतो. अंदाजपत्रक रोखीवरच मांडलं जातं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो: अमुक लाखांचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर. शिलकी हा शब्द सगळ्यांना सोयीचा आहे. घसारा धरला, अनामत वेगळी काढली, ठेकेदारांची बिलं मोजली, तर शिलकीची तूट होऊ शकते आणि ती कुणालाच मांडायची नसते. ज्या आकड्यांवर सभेत चर्चा होते ते एका भाषेत, आणि जो हिशोब दिल्लीला जातो तो दुसऱ्या भाषेत. त्यातच २०२१-२२ पासून बरीच वर्षं महाराष्ट्रातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं.

एवढं असूनही हे काम दिखाऊ म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. माझं मन बदललं ते एका माणसामुळे.

त्या पहिल्या ताळेबंदासाठी आम्ही अनामतींची यादी करत होतो. अनामत रजिस्टरात नोंदी होत्या, पण परत किती दिल्या याचा मेळ नव्हता. मी आणि अण्णांनी एकेक पावती लावली. संध्याकाळी डोळे जळजळायचे. यादीत अठरा वर्षांपूर्वीची एक रक्कम निघाली. एका गवंड्याने एका गल्लीतलं गटार बांधलं होतं, त्याची सुरक्षा अनामत. माणूस गावातलाच. निरोप गेला तसा तो पावती घेऊन आला, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली, घडीवर फाटलेली. म्हणाला, "मॅडम, मी चार-पाच वेळा आलो होतो. दर वेळी सांगितलं, बघतो." कोणी मुद्दाम अडवलं नव्हतं. रोकडवहीत ती रक्कम अठरा वर्षांपूर्वी 'आली' होती, शिलकीत मिसळली होती आणि कधीच खर्च होऊन गेली होती. वहीच्या लेखी ते देणंच नव्हतं. ताळेबंदात तिला ओळ मिळाली आणि मग त्याला चेक मिळाला. कागद फक्त दिल्लीसाठी करायला घेतला होता, तरी त्याच्या पोटी हे झालं.

म्हणून मला वाटतं, मागणारे वाढले की वही सुधारते. पुणे महानगरपालिकेने जून २०१७मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे विकले. रोखे घेणारा खुणेच्या चौकटीवर समाधान मानत नाही. पालिकेवर आधीचं कर्ज किती, वसुली किती टक्के, हे तो वाचतो, कारण त्याचा पैसा बुडू शकतो. लहान गावांना रोखे परवडणार नाहीत, पण मोजण्याची गरज इतर वाटांनीही येते. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, आणि जास्त वापरणाऱ्याला चढा दर. असा दर ठरवायचा तर हजार लिटर पाण्याला आपला खर्च किती येतो हे माहीत पाहिजे. वीज, क्लोरीन, पगार आणि पंपाची झीज. म्हणजे घसारा. तिथे हा शब्द पाण्याच्या दरातून नळापर्यंत पोचतो.

नगरपरिषद राज्यसेवेतून आता कॉमर्स झालेली तरुण मुलं-मुली लेखापाल म्हणून येतायत. त्यांना जमा-नावे समजावावं लागत नाही. त्यांच्या टेबलावरून रोकडवही काढून घेऊन रोजची नोंद थेट द्विलेखा पद्धतीत करायला लावली, तर वर्षअखेरीचा रिक्षाचा फेरा बंद होईल. त्यासाठी अंदाजपत्रकाचा नमुना आणि ऑडिटचा नमुना दोन्ही राज्याने बदलायला हवेत. नुसता ताळेबंदाचा बदलून भागत नाही.

ग्रामपंचायतींचं थोडक्यात सांगते. तिथे अजून रोख हिशोबच आहे आणि मला ते योग्य वाटतं. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाला घसाऱ्याचा काय उपयोग? त्यांचा त्रास वेगळा आहे. हिशोबाच्या वह्यांचे नमुना १ ते ३३ हाताने लिहायचे आणि तेच पुन्हा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर भरायचं. पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) डोंगलशिवाय, म्हणजे डिजिटल सहीशिवाय, निघत नाहीत. हिशोब दोनदा, माणूस एकच. यातली एक वही सरकारने अधिकृतपणे बंद केली, तर गावाचा हिशोब लगेच सुधारेल.

आता वाचकांसाठी. पालिकांचे लेखापरीक्षित हिशोब केंद्राच्या सिटीफायनान्स पोर्टलवर असतात, आणि पालिकेच्या कार्यालयातही मागता येतात. तुमच्या गावचा ताळेबंद मिळाला की सगळं वाचायची गरज नाही. आधी अनामत रकमांची ओळ बघा आणि तिच्याशेजारी बँक शिल्लक ठेवा. अनामती शिलकीपेक्षा जास्त असतील तर दुसऱ्याचा पैसा खर्च झालाय. मग मालमत्ता कराची थकबाकी आणि तिच्यासाठी केलेली तरतूद बघा. थकबाकी मोठी आणि तरतूद शून्य असेल, तर दहा वर्षांपूर्वीचं न येणारं येणंही अजून 'येणार' म्हणून धरलेलं आहे. आणि तिसरी ओळ 'प्रगतिपथावरील भांडवली कामे'. ही रक्कम मागच्या वर्षाच्या स्तंभात आणि या वर्षाच्या स्तंभात अगदी पैशापर्यंत सारखी असेल, तर लेखा विभागात जाऊन विचारा, यात कुठली कामं आहेत. एकतर ती बंद पडली आहेत किंवा पूर्ण होऊन वापरात आहेत आणि कागदावर उतरलेली नाहीत. यादी द्यावी लागते. मी ज्या पालिकेत काम केलं तिथे अशा यादीत एक टाकी निघाली होती, जिचं पाणी लोक सहा वर्षं पीत होते.